सांगलीहून नवी मुंबईला, सिंगापूरमार्गे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

एका सहकारी संस्थेचे हिशेब मी सांगलीत घरी बसून पाहतो. त्या संस्थेचा सर्व्हर नवी मुंबईत, महापे भागातील एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत आहे. गेल्या महिन्यात हिशेबाचे पान उघडायला त्रासदायक वेळ लागू लागला. कोल्हापुरातील माझ्या सहकाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीची जोडणी आहे, आणि त्याच्याकडे तेच पान झटकन उघडत होते. आमचा केबलवाला म्हणाला, "साहेब, तुमची लाइन एकदम क्लिअर आहे." त्याने वेग मोजून दाखवला, तोही पुरेपूर भरला. मग दोष कुठे आहे हे पाहण्यासाठी मी संगणकावर ट्रेसरूट चालवला.

ज्यांनी तो कधी चालवला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपण पाठवलेली माहिती लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की तो राउटर पॅकेट फेकून देतो आणि 'तुमचे पॅकेट माझ्याकडे संपले' असा निरोप उलट पाठवतो. ही सोय खरे तर रस्ता चुकलेली पॅकेटे जगभर कायमची फिरत राहू नयेत म्हणून आहे. ट्रेसरूट तिचा चलाख वापर करतो: पहिले पॅकेट १ हा आकडा लिहून, दुसरे २, तिसरे ३, असे पाठवत गेले की वाटेतला एकेक राउटर आपले नाव सांगून मोकळा होतो.

माझ्या पडद्यावर पहिली ओळ घरच्या राउटरची होती, जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. दुसरी गल्लीतल्या ऑपरेटरची, ३. तिसरी पुण्याची, ७. चौथी मुंबईची, ११. पाचव्या आणि सहाव्या ओळीत नुसत्या चांदण्या होत्या, म्हणजे त्या राउटरांनी उत्तर द्यायचे नाकारले. सातव्या ओळीत ६६ मिलिसेकंद, आणि राउटरच्या लांबलचक नावात मध्येच तीन अक्षरे: एस, आय, एन. विमानाचे तिकीट काढणाऱ्यांना ती ओळखीची असतील. राउटरांची नावे ठेवताना विमानतळांची संक्षिप्त नावे वापरण्याची या धंद्यात जुनी पद्धत आहे. नवव्या ओळीत बी, ओ, एम ही अक्षरे होती आणि वेळ १२८. शेवटच्या ओळीत आमचा सर्व्हर, १३१.

याचा अर्थ असा की, माझे पॅकेट मुंबईत पोहोचले, तेथून सिंगापूरला गेले, सिंगापूरहून पुन्हा मुंबईत आले आणि मग महाप्याला उतरले. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटर जाऊन परत यायला त्याला १० मिलिसेकंद लागतात. मुंबईपासून महापे जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर. त्या अंतराला १२० मिलिसेकंद लावायचे तर प्रकाशाला बैलगाडीत बसवावे लागेल.

हे का घडते, याचा छडा लावताना मला इंटरनेटच्या पोटातली जी व्यवस्था दिसली ती मांडतो. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात, ही विनंती.

इंटरनेट हे एक जाळे आहे असे आपण म्हणतो, परंतु ते पंचाहत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळ्यांचे गाठोडे आहे. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका, गूगलसारख्या कंपन्या, अशा प्रत्येकाचे जाळे वेगळे, त्याचा कारभार वेगळा आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला. ही जाळी एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला बीजीपी म्हणतात. तिचा पहिला आराखडा १९८९ साली अमेरिकेत ऑस्टिन येथील एका बैठकीच्या वेळी, जेवणाच्या टेबलावर, कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी कागदी रुमालांवर खरडला होता. तात्पुरती सोय म्हणून निघालेली ती गोष्ट सुधारणा होत होत आजही सगळ्या जगाचा भार वाहते आहे.

बीजीपीमध्ये प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्यांना सांगते: 'अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, आणि तमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील.' शेजारी ते पुढे आपल्या शेजाऱ्यांना सांगतो, स्वतःचा क्रमांक त्या यादीत जोडून. कोणत्याही राउटरजवळ जगाचा नकाशा नसतो. या पत्त्यासाठी पुढचे पाऊल कोणत्या दारातून टाकायचे, एवढेच त्याला ठाऊक असते. आणि ते दार निवडताना किलोमीटर पाहिले जात नाहीत. आधी पाहिले जाते ते हे, की या दारातून माल पाठवला तर मला पैसे मिळतात, फुकट जातो की पैसे मोजावे लागतात.

माझ्या बाबतीत बहुधा हेच झाले. आमच्या ऑपरेटरला माल पुरवणारी मोठी कंपनी आणि महाप्यातील डेटा सेंटरला माल पुरवणारी मोठी कंपनी, या दोघींची केंद्रे मुंबईत हाकेच्या अंतरावर असूनही तिथे त्यांनी एकमेकींना दार उघडलेले नाही. सिंगापुरात मात्र दोघी एकाच तिसऱ्या कंपनीच्या ग्राहक आहेत. त्यामुळे शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायची, तर ती आधी परगावच्या काकांकडे पाठवावी लागते.

---

शंकासुर

धागा आवडला. दोन शंका आहेत. पहिली अशी की, हा सगळा प्रवास उपग्रहावरून होतो असे मी आजवर समजत होतो. दुसरी अशी की, या दोन कंपन्यांना मुंबईत दार उघडायला कोणी अडवले आहे? एक तार टाकली की काम झाले.

---

अनवट

शंकासुर यांच्या पहिल्या शंकेचे उत्तर कृष्णाकाठ यांच्याच आकड्यांत आहे. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली यायचा, आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यायचे, म्हणजे हे अंतर चार वेळा. प्रकाशाच्या पूर्ण वेगानेही त्याला जवळपास ४८० मिलिसेकंद लागतात. १३१ मध्ये ते बसत नाही. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून तिथे हा विलंब लागत नाही, पण खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी वाहतूक आजही समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधूनच होते.

कृष्णाकाठ, आपल्या विवेचनात एक गोष्ट राहिली आहे. ट्रेसरूट फक्त जातानाची वाट दाखवतो. येतानाची वाट समोरचे जाळे आपल्या सोयीने ठरवते आणि ती पूर्ण वेगळी असू शकते. आपल्या बाबतीत मात्र ती कळण्यासारखी आहे. जाताना सिंगापूर आणि येताना थेट मुंबई-पुणे-सांगली, असे असते तर शेवटच्या ओळीत सत्तरच्या आसपास आकडा दिसला असता. १३१ दिसतो, त्या अर्थी उत्तरही सिंगापूर पाहूनच परत येत आहे. दोन्ही बाजूंनी अबोला आहे.

दुसऱ्या शंकेबद्दल: तार टाकणे सोपे आहे. एका इमारतीतल्या दोन कपाटांमध्ये दहा-वीस मीटरची पॅच कॉर्ड लागते, बस्स. अडचण हिशेबाची आहे. या धंद्यात दोन प्रकारचे संबंध असतात. लहान जाळे मोठ्या जाळ्याला पैसे देऊन साऱ्या जगाची वाट विकत घेते, त्याला ट्रान्झिट म्हणतात. आणि साधारण बरोबरीची दोन जाळी आपापल्या ग्राहकांपुरती वाहतूक एकमेकांना बिनपैशाने देतात, त्याला पिअरिंग म्हणतात. आता मोठ्या कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोरच्याला फुकट दार उघडून दिले, तर उद्या तो माझ्याकडून ट्रान्झिट कशाला विकत घेईल? त्यापेक्षा त्याचा माल सिंगापूरला हेलपाटे घालू दे, कंटाळून माझा ग्राहक होईल. हे मी टवाळी म्हणून लिहीत नाही. या विचाराने चालणाऱ्या वाटाघाटी मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिल्या आहेत.

---

शंकासुर

मग सरकारने सक्ती करावी. देशातला माल देशाबाहेर जाऊन येतो, ही शोभेची गोष्ट नाही.

---

अनवट

सरकारला हे सुचले नव्हते असे नाही. नेमक्या याच दुखण्यावर उपाय म्हणून २००३ साली निक्सी ही संस्था स्थापन झाली. ती ना नफा तत्त्वावर चालते, आणि देशातल्या सेवादात्यांनी एका छताखाली येऊन आपसातली वाहतूक तिथल्या तिथे बदलून घ्यावी, असा तिचा हेतू आहे. मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि दिल्लीलगत नोएडा येथे तिची केंद्रे सुरू झाली. बाजारसमितीचा आवार डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच की इथे आवारात एक भलामोठा स्विच असतो आणि प्रत्येक व्यापारी आपली एक तार आणून त्यात खोचतो.

पण तिथे सुरुवातीला नियम असा होता की, जो माल मागवतो त्याने माल देणाऱ्याला फरकाचे पैसे द्यायचे. ज्यांचे ग्राहक नुसते पाहणारे, उतरवून घेणारे, अशा लहान सेवादात्यांना हा सौदा महागात पडे. ज्यांच्याकडे सर्व्हर होते त्यांना लाभ. शिवाय मोठे सदस्य येत, पण आपले सगळे पत्ते जाहीर करत नसत. बाजारात गाळा घ्यायचा आणि चांगला माल घरीच ठेवायचा, तसा हा प्रकार. पुढे मुंबईत डी-सिक्ससारखी खासगी केंद्रे आली, आणि तिथे कित्येक शे जाळी आपखुशीने एकमेकांना भेटतात. मोठ्यांचा अबोला त्यामुळे संपूर्ण गेला नाही, हे आपण सांगलीत बसून पाहतच आहात.

सक्तीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. दार उघडायची सक्ती करता येईल. दाराची रुंदी किती, हे कोण तपासणार? उघडलेल्या दारातून संध्याकाळी आठ वाजता पॅकेटे गुदमरत असतील, तर त्यापेक्षा सिंगापूर बरे.

---

कृष्णाकाठ

येतानाच्या वाटेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आभार. सक्तीच्या बाबतीत मी अजून शंकासुर यांच्या बाजूने झुकतो आहे. महाप्याच्या सर्व्हरचे भाडे आणि माझ्या जोडणीचे मासिक शुल्क, दोन्ही रुपयांत जाते आणि माल परदेशी जाऊन येतो, हे मनाला पटत नाही.

---

टेम्सपलीकडे

मी लंडनजवळ राहते. या व्यवस्थेचा एक प्रताप माझ्या चांगला स्मरणात आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी इथे दुपारचे पावणेपाच होत आले होते, भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आणि साताऱ्यात आईशी व्हॉट्सॅपवर चाललेला संवाद मध्येच तुटला. मी घरातला राउटर बंद-चालू केला. आईने तिकडे तिचा राउटर बंद-चालू केला. तेव्हा व्हॉट्सॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जगभर एकदमच नाहीसे झाले होते आणि पुढचे सुमारे सहा तास तसेच राहिले.

कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशानुसार घडले ते असे. त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या अंतर्गत महामार्गाची क्षमता तपासण्यासाठी, नेहमीच्या देखभालीच्या कामात, एक आज्ञा दिली गेली आणि तिने तो सगळा महामार्गच बंद पाडला. अशा घातक आज्ञा अडवणारी एक तपासणी व्यवस्था होती, पण तिच्यातच दोष निघाला. आता त्यांचे जे सर्व्हर नावावरून पत्ता सांगतात, त्यांना अशी शिकवण होती की, डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपण आजारी आहोत असे समजावे आणि आपल्या वाटेची घोषणा मागे घ्यावी. एरवी ही शिकवण शहाणपणाची. त्या दिवशी मात्र सगळ्यांचाच संपर्क एकदम तुटला आणि सगळ्यांनी एकदम घोषणा मागे घेतली. सर्व्हर जागेवर, वीज चालू, माहिती सुरक्षित. फक्त त्यांच्याकडे जायचे कसे, हे जगातल्या कुठल्याही राउटरला आठवेना. अभियंत्यांना दुरून काही करता येईना, कारण दुरून काम करायची साधनेही त्याच जाळ्यावर होती. माणसे प्रत्यक्ष इमारतींत पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरायलाही वेळ गेला.

आई अजून म्हणते की त्या रात्री इंटरनेट बंद पडले होते. मी तिला समजावणे सोडून दिले आहे.

---

माडाची सावली

टेम्सपलीकडे ताई, नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर हा भाग जरा उलगडून सांगाल का? जगात असे फक्त १३ संगणक आहेत आणि ते अमेरिकेत आहेत, असे मी एका व्याख्यानात ऐकले होते.

---

टेम्सपलीकडे

व्याख्यात्यांनी अर्धे सांगितले. आपण नाव लिहितो, राउटरांना आकडे लागतात. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत एक यादी ठेवलेली असे. कोणते नाव, कोणता आकडा. सगळे जण ती एकच फाइल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती पद्धत कोलमडू लागली, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. तिच्यात कोणाकडेच संपूर्ण यादी नसते. सर्वांत वरचे मूळ सर्व्हर फक्त एवढे सांगतात की शेवटी 'इन' असलेल्या नावांची चौकशी अमुक दाराशी करावी. ते दार पुढचे दार सांगते. असे दोन-तीन दारे हिंडून आकडा हाती येतो. एकदा मिळालेले उत्तर काही काळ जवळ जपून ठेवायचे असते, म्हणून दर वेळी हा फेरा पडत नाही.

आता १३ चे कोडे. मूळ सर्व्हरांची नावे १३ आहेत, ए पासून एम पर्यंत. जुन्या नियमानुसार उत्तराचे पॅकेट ५१२ बाइटांत मावले पाहिजे, आणि त्यात एवढीच नावे-पत्ते सुखाने बसत होते. पण एकेका नावामागे ठिकठिकाणी ठेवलेल्या अनेक प्रती आहेत. प्रत्येक प्रत तोच पत्ता आपापल्या भागात बीजीपीवरून जाहीर करते आणि आपला प्रश्न ज्या प्रतीकडे जाणारी वाट राउटरला सोयीची वाटेल तिच्याकडे जातो. जगभरात अशा दीड हजारांहून अधिक प्रती आहेत; मुंबईतही आहेत.

आपल्या लिपीपुरते सांगायचे तर, २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतले 'भारत' हे अंत्यनाम सुरू झाले, ते मराठी आणि कोकणीसह देवनागरी लिहिणाऱ्या आठ भाषांसाठी आहे. तरीही डीएनएसच्या पोटात देवनागरी अक्षरे जात नाहीत. आपला ब्राउझर त्यांचे रोमन अक्षरांच्या एका विचित्र जुडग्यात रूपांतर करतो आणि ते जुडगे पुढे पाठवतो.

---

निवृत्त तारमास्तर

माझी नोकरी तारखात्यात गेली, त्यातली शेवटची वर्षे मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात. हा धागा वाचताना आमच्याच कामाचे वर्णन वाचतो आहे असे वाटले. आमच्याकडेही चिपळूणची तार थेट नागपूरला जात नसे. आमच्या टेबलावर तक्ता असे: अमुक ठिकाणची तार अमुक ऑफिसकडे द्यावी. तिथून पुढे ती कशी जाते, हे पाहणे आमचे काम नव्हते. लाइन बंद असली की शिपाई ओरडून सांगे आणि आम्ही दुसऱ्या गावाच्या खोक्यात तार टाकायचो.

समुद्राखालच्या वाटेचेही तसेच आहे. १८७० साली ग्रेट ईस्टर्न या जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तारेची केबल टाकली. ती पुढे तांबड्या समुद्रातून सुएझ, तिथून भूमध्य समुद्रातून इंग्लंड. आज मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या केबली नकाशावर पाहाव्यात. तोच तांबडा समुद्र आणि तोच इजिप्त. दीडशे वर्षांत वाट बदललेली नाही, कारण जमीन आणि पाणी बदललेले नाही. त्यामुळे तिचे दुखणेही एकाच जागी साचले आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, तेव्हा भारताची पश्चिमेकडची निम्मीअधिक क्षमता एका दिवसात गेली होती. २०२५ च्या सप्टेंबरात जेद्दाजवळ पुन्हा दोन तुटल्या.

---

अनवट

तारमास्तरकाकांच्या प्रतिसादाला थोडी जोड. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते. मध्ये केसासारखे काचेचे तंतू, त्यांभोवती पोलादी तारा, तांब्याची नळी आणि बाहेर प्लास्टिकचे आवरण. तांबे असते ते विजेसाठी, कारण दर साठ ते शंभर किलोमीटरवर क्षीण झालेला प्रकाश पुन्हा तेजाळणारा एक डबा लागतो आणि त्या सगळ्या डब्यांना किनाऱ्यावरूनच हजारो व्होल्ट दाबाची वीज पुरवावी लागते. किनाऱ्याजवळ मात्र हीच केबल मनगटाएवढी होते, कारण तिथे पोलादी तारांचे जादा चिलखत चढवून ती वाळूत गाडतात. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे वेळा कुठे ना कुठे केबल तुटते, आणि तीत मोठा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा आणि जहाजांच्या नांगरांचा. शार्कच्या दातांची कथा लोकांना फार आवडते, पण त्यात दम नाही.

दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये नोंदवल्याप्रमाणे भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्थानकांवर उतरत होत्या. मुंबई, चेन्नई, कोची, तुतुकुडी आणि तिरुवनंतपुरम, एवढीच गावे. मुंबईत त्यांची गर्दी वर्सोव्याच्या किनाऱ्याला. वीकान्ताला तिथे भेळ खाणाऱ्यांच्या पायाखालून किती देशांची बोलणी जातात, याचा कुठे फलकही नाही, नसलेलाच बरा.

केबल तुटल्यावरही यूट्यूब चालते आणि एखादे परदेशी विद्यापीठाचे पान चालत नाही, असा अनुभव अनेकांना आला असेल. कारण गूगल, नेटफ्लिक्स यांसारख्या कंपन्या लोकप्रिय चित्रफितींच्या प्रती आपल्याच सेवादात्याच्या खोलीत ठेवलेल्या यंत्रांवर आणून ठेवतात. आपण रात्री जे पाहतो त्यातले पुष्कळसे शहराबाहेर जातच नाही.

---

शंकासुर

आणखी एक. 'हे पत्ते माझ्याकडे आहेत' असे कोणी खोटेच सांगितले तर?

---

कृष्णाकाठ

याचे उत्तर मी वाचून ठेवले आहे. २००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत वाहतूक अडवण्यासाठी यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा एक गट आपल्याकडे असल्याची घोषणा केली. ती घोषणा घरातच राहायला हवी होती, पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीकडे गेली, आणि त्या कंपनीने न तपासता ती जगाला सांगितली. भारतात तेव्हा २५ तारखेची मध्यरात्र उलटली होती.

यूट्यूब स्वतः त्याच पत्त्यांची घोषणा करत होतेच, पण ती १,०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती. राउटरांचा नियम असा की, ज्याची घोषणा अधिक नेमकी त्याचे खरे. टपालाची थैली फोडताना 'सांगली जिल्हा' आणि 'विश्रामबाग, सांगली' अशी दोन खोकी समोर असतील, तर विश्रामबागेचे पत्र दुसऱ्याच खोक्यात पडणार. त्यामुळे जगभरचा यूट्यूबचा ओघ पाकिस्तानकडे वळला आणि तिथे गडप झाला. यूट्यूबने प्रथम त्याच २५६ पत्त्यांची, मग १२८-१२८ च्या दोन आणखी नेमक्या गटांची घोषणा करून तो ओढून घेतला. शेवटी हाँगकाँगच्या कंपनीने वाट तोडली. सगळे मिळून दोन तासांच्या आसपास.

आता पत्त्यांच्या मालकीचे सहीशिक्क्याचे डिजिटल दाखले निघाले आहेत आणि पुष्कळ मोठी जाळी दाखला जुळत नसलेली घोषणा नाकारतात. परंतु तो दाखला मूळ मालक कोण एवढेच सांगतो. वाटेत मध्येच कोणी स्वतःला घुसवले तर त्यातून कळत नाही.

---

जोडारी

धाग्यावर सगळे मोठे बोलत आहेत, मी जमिनीवरचे सांगतो. सांगली-कराड पट्ट्यात फायबर जोडण्याचे काम मी करतो. आमच्यासाठी इंटरनेट म्हणजे रात्री अकराला येणारा फोन: "अख्ख्या भागात लाल दिवा लागलाय." समुद्रात नांगर असेल, इथे जेसीबी असतो. गटाराचे काम, पाण्याची लाइन, उसाच्या ट्रॉलीने ओढलेली केबल. शत्रूंची कमतरता नाही.

तुटलेली जागा आधी यंत्राने शोधतो. ते तंतूतून प्रकाश सोडते आणि तो परत उसळून यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगते. तेथे जाऊन दोन्ही टोके ओढून घ्यायची, आवरण सोलायचे, तंतू स्पिरिटने पुसायचा आणि क्लीव्हरने काटकोनात कापायचा. मग दोन टोके स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवायची. मशीनच्या छोट्या पडद्यावर ती दोन टोके खांबांसारखी दिसतात, आपोआप समोरासमोर येतात, ठिणगी पडते आणि एक होतात. खाली नुकसानीचा आकडा येतो. ०.०२ आला तर जॉइंट झकास. ०.१ च्या वर गेला की मी तोडून पुन्हा मारतो. पावसात छत्री माझ्यावर नाही, मशीनवर धरावी लागते. २४ तंतूंची केबल असेल तर हे २४ वेळा, रंगांचा क्रम न चुकवता: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, असे पुढे. रात्री बॅटरीच्या उजेडात करडा आणि पांढरा सारखेच दिसतात, आणि तिथे चूक झाली तर एका गावाचे इंटरनेट दुसऱ्या गावाला जाते. हे विनोदाने लिहीत नाही, माझ्या हातून एकदा झाले आहे.

कृष्णाकाठ साहेब, तुमच्या भागातल्या ऑपरेटरकडे वरून येणाऱ्या दोन लाइनी आहेत, मुख्य आणि राखीव. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. मुख्य लाइन कराडवरून येते.

---

माडाची सावली

जोडारी, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. छत्रीच्या वाक्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमचा वायरमनही असाच करतो."

---

कृष्णाकाठ

एक नवल घडले आहे. आज सकाळी हिशेबाचे पान झटक्यात उघडले, म्हणून पुन्हा ट्रेसरूट चालवला. आता एकूण सहाच ओळी आहेत. एस-आय-एन नाही, चांदण्या नाहीत, आणि महापे १४ मिलिसेकंदांवर. मी कोणाकडेही तक्रार नोंदवलेली नाही. त्या दोन कंपन्यांनी बहुधा रातोरात समेट केला.

---

जोडारी

समेट वगैरे काही नाही. काल रात्री दोन वाजता कराडच्या अलीकडे रस्त्याच्या कामात मुख्य लाइन तुटली. तुमचा भाग सकाळपासून राखीव लाइनवर चालू आहे. राखीववाल्या कंपनीचे मुंबईत सगळ्यांशी बोलणे आहे, पण तिचा दर जास्त, म्हणून ऑपरेटर एरवी ती वापरत नाही.

---

शंकासुर

म्हणजे लाइन तुटल्यावर इंटरनेट सुधारले!

---

कृष्णाकाठ

जोडारी, मुख्य लाइन कधी जोडली जाईल? तोवर तिमाहीचे सगळे हिशेब आटोपून घेतो.

---

जोडारी

साहेब, आत्ताच शेवटचा जॉइंट मारला. पाहा बरे.

---

कृष्णाकाठ

१३१.